डिस्क ब्रेकवर प्रोजेक्ट करताय? आधी गावातल्या गॅरेजमध्ये जा

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला गट पडले की काही विषय दरवर्षी नेमाने वर येतात, आणि त्यात ‘डिस्क ब्रेकचं थर्मल अ‍ॅनालिसिस’ असतंच. कृतीही ठरलेली. कॉम्प्युटरवर डिस्क काढायची, तिला भोकं पाडायची, एकदा कास्ट आयर्न, एकदा स्टेनलेस स्टील, एकदा अ‍ॅल्युमिनियम द्यायचं. पॅड घासतो त्या पट्ट्यावर कुठल्याशा पेपरातून उचललेली उष्णता सोडायची आणि लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचं चित्र छापून घ्यायचं. निष्कर्ष काय, तर अ‍ॅल्युमिनियम हलकं, लवकर थंड होतं, म्हणून तेच उत्तम. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी नरम पडतं, मग कडक ब्रेकिंगमध्ये त्याचं काय होईल, असं व्हायव्हात कुणी विचारलं की गटातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. हे काही एकाच कॉलेजात चालत नाही. राज्यभर हाच प्रोजेक्ट फिरतो आहे.

सॉफ्टवेअर वाईट नाही. त्याला घातलेले आकडे कुणीच मोजलेले नसतात, हा खरा घोटाळा आहे. म्हणून हा लेख हिवरखेड, तेल्हारा, अकोट, अडगाव इथून शेगाव, अकोला, बडनेरा, अमरावतीला शिकायला गेलेल्या मुलामुलींसाठी. ब्रेकच्या अभ्यासाला लागणारं जवळपास सगळं तुमच्या भागात आहे. वर सातपुड्याचा उतार, खाली पूर्णेकडचा खारपाणपट्टा, मधे काळी माती आणि रस्त्यावर कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या.

आधी कागद-पेन्सिल घ्या. मोटारसायकल आणि दोन माणसं मिळून २८० किलो धरा. ताशी ६० किलोमीटरवरून गाडी थांबवली, तर ब्रेकला सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. जोरात ब्रेक मारताना भार पुढे येतो, त्यामुळे त्यातला साधारण दोन-तृतीयांश वाटा पुढच्या डिस्ककडे जातो. पॅडपेक्षा डिस्क उष्णता कितीतरी चांगली वाहून नेते, म्हणून त्यातलीही जवळजवळ नव्वद टक्के डिस्कमध्येच शिरते. डिस्क एक किलोची असेल तर एका थांब्यात तिचं तापमान सुमारे पन्नास अंशांनी वाढेल. एवढ्याने काही बिघडत नाही.

आता तीच गाडी चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरवा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. परतवाड्यापर्यंत सुमारे सातशे मीटर खाली यायचं. २८० किलो सातशे मीटर उतरताना मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १,९२० किलोज्यूल भरते, म्हणजे ताशी साठवरून एकोणपन्नास वेळा थांबण्याइतकी. एवढ्या उष्णतेने सहा लिटर पाणी उकळेल. पण ही सगळी ब्रेकच्या वाट्याला येत नाही. टायर काही खातात, हवा काही खाते, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन बरीच खातं. मग ब्रेककडे नेमकी किती उरते? दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना किती, न्यूट्रलमध्ये उतरताना किती? पेट्रोल वाचतं म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या डिस्कला याची किंमत किती अंशांत मोजावी लागते, याचं खात्रीचं उत्तर काढलंत तर तो खरा प्रोजेक्ट. नव्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला की इंधन बहुतेक बंदच होतं. त्यामुळे ‘पेट्रोल वाचतं’ हा मुद्दाही त्याच प्रयोगात तपासून होईल.

उन्हाचं काय, असं लगेच कुणी विचारेल. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मग ब्रेक तापणारच! माझ्या मते उन्हाला उगीच फार दोष दिला जातो. वीस अंशांचा दिवस आणि पंचेचाळीस अंशांचा दिवस यात फरक पंचवीस अंशांचा. जी डिस्क अडीचशे-तीनशेवर पोचते तिला तो फार नाही. उताराची लांबी, लिव्हर सतत दाबून धरण्याची सवय आणि ब्रेक ऑइलमध्ये शिरलेलं पाणी, ही तीन कारणं जास्त जड आहेत. त्यातलं तिसरं कारण घेऊन तुम्ही गावातच काम सुरू करू शकता.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि पाण्याशी त्याचं चांगलं जमतं. ओल टाकीच्या झाकणाच्या बाजूने शिरते, रबरी नळीतूनही हळूहळू शिरते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात कॅलिपर तापला आणि आतलं ऑइल उकळलं, की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. लिव्हर मुठीपर्यंत येतो आणि गाडी तशीच पुढे सरकते. मग गॅरेजमध्ये आल्यावर “ब्रेक लागूनच नाही राह्यला, भाऊ” असं ऐकू येतं, तोवर सगळं थंड झालेलं असतं आणि मिस्त्रीला काहीच सापडत नाही.

तर प्रश्न असा घ्या: हिवरखेड-तेल्हारा भागात फिरणाऱ्या दुचाकींच्या ब्रेक ऑइलमध्ये सरासरी किती पाणी आहे, आणि शेवटचं ऑइल बदलल्यापासून गेलेल्या महिन्यांशी त्याचं नातं काय? बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदला असं सांगतात. आपल्याकडे ते पॅड बदलतानाही क्वचितच बदललं जातं.

नमुने गोळा करताना काही गोष्टी पाळा. गाडीमालकाला आधी विचारा. ऑइल मिस्त्रीच काढेल, तुम्ही नाही. आणि काढल्यावर सीलबंद बाटलीतलं नवं ऑइल भरून, हवा काढून, ब्रेक तपासूनच गाडी परत जाईल. नव्या ऑइलचा खर्च गटाने उचलावा, म्हणजे नमुना द्यायला कुणी का-कू करणार नाही. एक नमुना टाकीतून आणि एक कॅलिपरच्या निपलमधून घ्या. ऑइल उकळतं ते कॅलिपरपाशी. म्हणून फक्त टाकीतला नमुना पुरत नाही. बाटली काचेची, कोरडी, घट्ट झाकणाची हवी आणि ती काठोकाठ भरा. अर्धी भरलीत तर वरच्या हवेतली ओल ऑइल ओढेल आणि तुम्ही बाटलीतलं पाणी मोजत बसाल. बाटलीवर गाडीचं मॉडेल, वर्ष, किलोमीटर, ऑइल शेवटचं कधी बदललं, ते डॉट ३ की डॉट ४, एवढं लिहा. गाडीचा नंबर किंवा मालकाचं नाव नको. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असे दोन हंगाम गाठता आले तर सोन्याहून पिवळं.

पाणी मोजायचं कुठे? इथे बहुतेक मेकॅनिकलवाले अडतात, कारण आपल्या लॅबमध्ये तसं यंत्र नसतं. पण अनेक फार्मसी कॉलेजांत ते असतं. औषधांतला ओलावा मोजायला कार्ल फिशर पद्धतीचं उपकरण वापरतात. गाइडच्या सहीचं पत्र आणि रसायनांचा खर्च द्यायची तयारी असेल तर सहसा नाही म्हणत नाहीत. एक खबरदारी घ्या. डॉट ४ मध्ये बोरेट असतं आणि त्याने रीडिंग बिघडू शकतं. म्हणून त्याच कंपनीच्या नव्या सीलबंद बाटलीचं रीडिंग आधी घ्या आणि मग त्यात मोजून पाणी मिसळून तपासा. यंत्र ते पाणी बरोबर दाखवतं का, हे कळल्याशिवाय गावाहून आणलेल्या बाटल्यांना हात लावू नका. या ऑइलने गाडीचा रंग उडतो, त्वचा जळजळते, हातमोजे घाला. उरलेलं ऑइल नालीत ओतू नका, कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

आता तापमान. बाजारात मिळणारी इन्फ्रारेड बंदूक डिस्कवर रोखून आकडा टिपणं सगळ्यांत सोपं, आणि सगळ्यांत फसवं. चकचकीत स्टील स्वतः फार कमी किरण सोडतं, आणि आजूबाजूचे परावर्तित करतं. बंदूक मात्र समोरचा पृष्ठभाग काळा आहे असं धरून चालते. त्यामुळे दोनशे अंशांची डिस्क ती शंभराच्याही खाली दाखवू शकते. उपाय स्वस्त आहे. पॅड जिथे घासत नाही अशा आतल्या भागावर सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा काळा रंग बोटभर लावा आणि तिथेच बंदूक रोखा. त्याआधी ती जागा थर्मोकपलशी पडताळून घ्या. के-टाइप थर्मोकपल, मॅक्स ६६७५ मॉड्यूल आणि आर्डुइनो एवढ्यावर तापमान सेकंदासेकंदाला नोंदवणारी वही तयार होते. पॅडला भोक पाडून त्यात थर्मोकपल बसवण्याचा मोह होईल. ते फक्त प्रयोगशाळेतल्या रिगवर करा, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर कधीच नाही.

रिग बांधायची तर भंगारात पाहा. जुन्या ऑइल इंजिनांची जड चाकं अजून मिळतात. चाक मोटरने फिरवायचं, मोटर सुटी करायची आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या डिस्कला ब्रेक लावायचा. मोठ्या प्रयोगशाळांतल्या इनर्शिया डायनॅमोमीटरचं तत्त्व हेच आहे. वरच्या गाडीच्या पुढच्या चाकाचा वाटा हुबेहूब साधायला एक मीटर व्यासाची, सुमारे १३० किलोची भरीव पोलादी तबकडी मिनिटाला ५३० फेऱ्यांनी फिरवावी लागेल. एवढं जमलं नाही तरी चालेल. चाकाची ऊर्जा किती कमी आहे ते लिहा आणि त्या प्रमाणात निकाल वाचा. मात्र बिडाचं जुनं चाक त्याच्या मूळ इंजिनाच्या वेगापेक्षा जास्त फिरवू नका. आत तडा असेल तर ते फुटतं, आणि फुटलं की तोफगोळाच. जाड पत्र्याचं कवच, जमिनीत पक्के बोल्ट आणि चाकाच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही उभं न राहणं, यात तडजोड नको. वर्कशॉपच्या सरांनी पाहून हो म्हटल्याशिवाय स्विच दाबू नका.

या रिगवर एक प्रयोग असा आहे, की तो एकटा केलात तरी त्या रंगीत चित्रात जीव येईल. डिस्क ब्रेकने दोनशे अंशांपर्यंत तापवा, ब्रेक सोडा, डिस्क ठरावीक वेगाने फिरत ठेवा आणि ती थंड होताना तापमान नोंदवत राहा. डिस्क आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाचा लॉगरिदम काळाच्या विरुद्ध काढला की जवळपास सरळ रेषा मिळते. तिच्या उतारावरून हवा डिस्कची उष्णता किती वेगाने नेते, तो कन्व्हेक्शनचा गुणांक निघतो. विद्यार्थी हाच आकडा डोळे मिटून सॉफ्टवेअरमध्ये टाकतात. साधारण २४० मिलिमीटर व्यासाच्या, एक किलोच्या डिस्कसाठी तो ५० धरला तर तापमानातला फरक ६३ टक्क्यांनी कमी व्हायला अडीच मिनिटं लागतील. १०० धरला तर सव्वा मिनिट. म्हणजे एक आकडा अंदाजाने घेतला की घाटातल्या दोन वळणांमधे डिस्क किती निवते याचं उत्तर दुप्पट चुकतं. वेगवेगळ्या फेऱ्यांना हा गुणांक मोजा, साधी आणि भोकांची डिस्क दोन्ही घ्या, आणि मग सॉफ्टवेअर उघडा. भोकांनी डिस्क किती निवते हे तेव्हा कळेल. त्यांचं दुसरं काम पाणी आणि पॅडमधून निघणाऱ्या वायूंना वाट देण्याचं आहे, आणि त्यांच्याच कडांपासून तडे सुरू होतात, हेही विसरू नका.

डिस्क ब्रेकचा इतिहास लिहायला पहिलं प्रकरण अडवू नका, एक परिच्छेद पुरतो. इंग्लंडमध्ये लँचेस्टरने १९०२ मध्ये पेटंट घेतलं, १९५३ मध्ये ल मांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारली, १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने ते सर्वसाधारण मोटारसायकलीवर आणले. आपल्याकडे १९९९ च्या सीबीझेडने आणि नंतर पल्सरने तरुणांना त्यांची ओळख करून दिली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस चाक जॅम होऊ देत नाही. उकळलेल्या ऑइलवर त्याच्याकडे इलाज नाही.

खारपाणपट्ट्याचा प्रश्न अजून कुणी नीट हाताळलेला मला दिसला नाही. तेल्हारा-अकोटच्या दक्षिणेला, पूर्णेच्या बाजूला बोअरचं पाणी खारट आहे आणि गाड्या त्याच पाण्याने धुतल्या जातात. दुचाकीची डिस्क स्टेनलेसची असल्याने तिला फारसं होत नाही. कारच्या बिडाच्या डिस्कवर रात्रीत गंज चढतो, पण तोही चार ब्रेकमध्ये पुसला जातो. खरी काळजी आहे कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनांची. त्या गंजून अडकल्या की लिव्हर सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो, विनाकारण तापतो आणि एकाच बाजूने झिजतो. पिनांच्या पोलादाचे सारखे तुकडे वेगवेगळ्या गावांच्या पाण्यात भिजवा-वाळवा, आधी-नंतर वजन करा. पाण्याचा खारटपणा मोजायचा तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या माती-पाण्याच्या जाणकारांकडून पद्धत समजून घ्या. तुलनेला डोंगरपायथ्याच्या विहिरीचं गोडं पाणी असू द्या.

काळ्या मातीचा चिखल डिस्कवर बसून पहिला ब्रेक किती उशिरा पकडतो, हाही चांगला विषय आहे. त्याला पद्धत शोधायची गरज नाही. मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ओल्या ब्रेकची चाचणी दिलेली आहे. प्रत्येक डिस्कवर ताशी पंधरा लिटर पाणी फवारायचं आणि ब्रेक लावल्यानंतर अर्ध्या ते एक सेकंदात मिळणारा मंदावण्याचा दर कोरड्याच्या किमान साठ टक्के यायला हवा. तुम्ही पाण्याच्या जागी ठरावीक प्रमाणात कालवलेली काळी माती वापरा. तापलेल्या ब्रेकच्या चाचणीत एकेक किलोमीटरवर दहा वेळा थांबवून गाडी तापवतात आणि लगेच परीक्षा घेतात; तिथेही साठ टक्क्यांचीच अट. या नियमावल्या फुकट वाचायला मिळतात. भारतीय मानक आयएस १४६६४ दुचाकी-तिचाकींच्या ब्रेकसाठी आहे, ब्रेक ऑइलसाठी आयएस ८६५४. गुगलवरच्या प्रोजेक्ट रिपोर्टांऐवजी ही मानकं वाचून काढा.

पॅडच्या धुळीवर जगभर काम वाढतं आहे. युरोपच्या नव्या युरो ७ नियमांत ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा आहे. बहुतेक पेट्रोल-डिझेल कारसाठी ती किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. धूळ पकडायची यंत्रणा आपल्या आवाक्यात नाही, पण चांगल्या तराजूवर पॅडचं वजन आधी-नंतर घेणं नक्कीच आहे.

मला विचाराल तर यातला सगळ्यांत निकडीचा विषय ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आहे, आणि तोच कुणी घेत नाही, कारण त्याचं चित्र सुंदर येत नाही. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरना तेलात बुडवलेले डिस्क ब्रेक असतात, ते चांगले असतात. पण मागच्या ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. दोन टनांचा ट्रॅक्टर आणि पाच टनांची भरलेली ट्रॉली ताशी २५ ने येत असेल, तर एकट्या ट्रॅक्टरच्या साडेतीनपट ऊर्जा त्याच ब्रेकवर पडते. वर ट्रॉली मागून ढकलते आणि ओल्या रस्त्यावर जोडणीपाशी वळते. ट्रॉली पुढे ढकलू लागली की त्याच ढकलीने तिचा स्वतःचा ब्रेक लागेल, असा जोडणीतला साधा यांत्रिक ब्रेक परदेशांत हलक्या ट्रेलरला असतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनेल आणि मागे घेताना आपोआप सुटेल, असा नमुना तयार करा. चाचणी मोकळ्या बंद मैदानावर, कमी वेगाने, आधी रिकाम्या ट्रॉलीवर.

रस्त्याबद्दल स्पष्ट सांगतो: घाटात प्रयोग करू नका. मेळघाटचे रस्ते वाघांच्या जंगलातून जातात, तिथे थांबणं, मुद्दाम जोरात ब्रेक मारणं चालणार नाही. शेगावला नाहीतर अकोल्याला कॉलेजच्या आवारात परवानगीने सपाट रस्त्यावर थांब्यांची मालिका घ्या, आणि घाटाचा हिशेब त्यावरून मांडा.

काम जमलं तर दोन दारं ठोठावा. पुण्यात १९६६ पासून असलेली एआरएआय वाहनांच्या ब्रेकची प्रमाणित तपासणी करते. दुसरं दार इंदूरजवळच्या पीथमपूरचं, नॅट्रॅक्स. तिथे ब्रेकसाठी वेगळा ट्रॅक आहे, शिवाय सव्वाअकरा किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक. हिवरखेडकरांना ते पुण्यापेक्षा जवळ आहे. धुळघाटातून जाणारी जुनी मीटरगेज गाडी हिवरखेड स्टेशनवरून थेट महूच्या बाजूला नेत असे, आणि महूहून पीथमपूर हाकेच्या अंतरावर. २०१७ पासून ती बंद आहे, त्यामुळे आता एसटीने आणि वेळ काढून जावं लागेल. जाताना रिगचे फोटो नेऊ नका. थंड होण्याच्या प्रयोगाचे मूळ आकडे न्या, चुकलेल्या फेऱ्यांसकट.

रिपोर्टमध्येही तेच पाहिजे. एकच मोजमाप निदान पाच वेळा केलेलं, त्यातला फरक लिहिलेला, थर्मोकपल कुठे आणि कसा बसवला याचा हातानं काढलेला आराखडा. सॉफ्टवेअरचं चित्र द्यायचंच असेल तर शेजारी मोजलेल्या तापमानाचा आलेख द्या आणि दोघांत किती अंशांचं अंतर आहे ते मोठ्या अक्षरात लिहा. शेवटी, ज्या गॅरेजांतून नमुने घेतलेत तिथे मराठीतलं एक पान नेऊन द्या. त्यावर ऑइल किती महिन्यांचं, पाणी किती टक्के, आणि त्या ऑइलचा उत्कलनबिंदू अंदाजे कुठे आला असेल, असे तीन रकाने असले की पुरे. मिस्त्री ते भिंतीला चिकटवेल, आणि पुढच्या वर्षीच्या गटाला नमुने मागावे लागणार नाहीत.